छत्तीस फोटोंची सकाळ

एका वर्षी रंगपंचमीला नाशकात तिवंध्याच्या रहाडीजवळ, म्हणजे रंगाच्या मोठ्या हौदाजवळ, मी तीन तास उभी होते. घरी आले तेव्हा कॅमेऱ्याच्या कार्डात ८४० फोटो होते. वर्षभर रस्त्याखाली बुजवून ठेवलेला तो पेशवाईतला हौद, त्यात धप्पा मारणारी पोरं, उडालेल्या पाण्याने भिजलेले सज्जे, सगळं टिपलं होतं. पुढचे चार महिने मी त्यातला एकही फोटो उघडला नाही. मुंबईच्या मैत्रिणीने विचारलं, "रहाडीतल्या रंगाला वास कसला येतो गं?" मला सांगता येईना. हौदापासून दहा हातांवर तीन तास उभी राहूनही माझं सगळं लक्ष पाठच्या स्क्रीनवर होतं.

लहानपणी आमच्याकडे बाबांचा फिल्मचा कॅमेरा होता. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. दिवाळीत भरलेला रोल उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत पुरवायचा. बाबा कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि बऱ्याचदा फोटो न काढताच खाली घ्यायचे. "थांब, ऊन फिरू दे," म्हणायचे. मग आम्ही पांडवलेणीच्या पायऱ्यांवर बसून ऊन फिरायची वाट बघायचो. त्या रोलमधले निम्मे फोटो मला आजही डोळे मिटून सांगता येतील.

फोटो वाढत गेले, बघणं कमी होत गेलं आणि त्यात मजा हरवली, असं मला मनापासून वाटतं. ती परत आणता येते, आणि त्यासाठी नवं काही विकत घ्यावं लागत नाही. ज्यांनी कधी कॅमेरा हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांचा कॅमेरा कपाटात पडून आहे त्यांच्यासाठी, मी ज्या क्रमाने पुन्हा सुरुवात केली तो क्रम इथे देते आहे. जागा नाशकातल्या आहेत, कारण त्या मला पायाखालच्या आहेत.

पहिली पायरी: आहे तो कॅमेरा तपासा

फोन असेल तर काम दोन मिनिटांचं. मागची लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. फोटो धुरकट येतात, दिव्यांना शेपट्या फुटतात, त्याचं कारण बहुतेक वेळा लेन्सवरचं बोटाचं तेल असतं. सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड सुरू करा, म्हणजे स्क्रीनवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा दिसतील. आणि दोन बोटांनी चिमटा उघडून झूम करायची सवय सोडा. बऱ्याच फोनमध्ये तसं केल्यावर चित्र नुसतं ताणलं जातं. जवळचं हवं असेल तर चार पावलं पुढे जा.

कपाटातला कॅमेरा असेल तर जरा सावकाश घ्या. आधी बॅटरी बाहेर काढून बघा. फुगलेली असेल तर ती वापरू नका, चार्जिंगलाही लावू नका. कार्डावर जुने फोटो असतील तर ते आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, ते नीट उघडतात ना ते पाहा, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. तारीख-वेळ लावा, कारण पुढे महिनोन्‌महिने एकाच जागेचे फोटो लावून बघायचे आहेत.

मग लेन्स. ती काढून एका बाजूने फोनच्या टॉर्चचा उजेड टाका आणि दुसऱ्या बाजूने तिरपं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. माझ्या लेन्समध्ये ती निघाली, कारण मी ती दोन पावसाळे चामड्याच्या पिशवीत ठेवली होती. चामडं ओल धरून ठेवतं. बुरशी घरी साफ करायच्या भानगडीत पडू नका, लेन्स उघडून देणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच द्या. त्यानंतर कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. रंग बदलणारं जेल घेतलं तर ते ओलं झालं की लगेच कळतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हे पाळावंच लागतं. आणि कॅमेरा वापरात ठेवणं हाही बुरशीवरचा उपाय आहे, तिला अंधार आणि न हललेली हवा फार आवडते.

नवीन कॅमेरा घ्यावा का, असं मला सगळेच विचारतात. निदान तीन महिने नको. तोवर काय कमी पडतंय ते तुमचं तुम्हाला कळेल.

दुसरी पायरी: स्वतःला थोडं बांधून घ्या

एका फेरीत छत्तीस फोटो. एकच लेन्स. घरी येईपर्यंत काढलेला फोटो बघायचा नाही आणि पुसायचाही नाही. एवढेच तीन नियम.

छत्तीस हा आकडा माझ्यासाठी बाबांच्या रोलवरून आला, तुम्हाला चोवीस हवे असतील तर चोवीस. पण आकडा ठरवाच. पहिल्या दिवशी माझे वीस फोटो पहिल्या पंधरा मिनिटांत संपले आणि उरलेल्या सोळांवर मला दोन तास काढायचे होते. त्या दोन तासांत मी कित्येक वर्षांनी पहिल्यांदा रामकुंडाजवळ नुसती बसले. एक पुजारी ओलं धोतर दोन हातांत धरून वाऱ्यावर वाळवत होता. धोतर फुगायचं, उन्हात पांढरं व्हायचं, पुन्हा पडायचं. मी सहा वेळा ते फुगताना पाहिलं आणि सातव्यांदा फोटो काढला. तो फोटो आज आमच्या स्वयंपाकघरात लावलेला आहे.

लेन्सचं म्हणाल तर ५० मिलिमीटरची, जिला सगळे 'फिफ्टी' म्हणतात, ती असेल तर उत्तम. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची झूम लेन्स असेल तर ती ३५ वर ठेवा आणि झूमच्या कड्यावर कागदी चिकटपट्टी लावून टाका. फोनवाल्यांनी मुख्य कॅमेराच वापरायचा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, नाहीतर पाचव्या फोटोला कुणाचा तरी फोन येतोच. एकाच लेन्सने महिनाभर काढलं की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच चौकट कुठे संपणार ते दिसायला लागतं. पाय आपोआप योग्य जागी जाऊन थांबतात. मला तो क्षण आला तेव्हा मी सरकारवाड्याजवळ होते आणि रस्त्यातच थांबून हसले होते.

काढलेले फोटो आठवडाभर कुणाला पाठवू नका, स्टेटसलाही ठेवू नका. लोकांना काय आवडेल हा विचार एकदा डोक्यात शिरला की आपल्याला काय दिसलं ते मागे पडतं.

तिसरी पायरी: उजेड ओळखायला शिका

यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या सकाळी साडेसहाला गोदाघाटावर या. स्वेटर घाला, नाशिकची थंडी अंगात शिरते. सूर्य सातच्या सुमारास उगवतो. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे पंचवटी तिच्या पूर्वेला आणि जुनं नाशिक पश्चिमेला येतं. हे लक्षात ठेवलं की घाटाचा उजेड अर्धा समजला. सकाळी जुन्या नाशकाच्या काठावर उभं राहून पंचवटीकडे पाहिलं तर सूर्य समोर असतो. पाण्यावरची वाफ उजळते, आंघोळ करून वर येणाऱ्या माणसांच्या काळ्या आकृती दिसतात, नारोशंकराच्या देवळाचं शिखर सावलीत राहतं. पूल ओलांडून पंचवटीच्या काठावर गेलात तर तोच सूर्य पाठीशी येतो आणि समोरचे घाट, पायऱ्या, जुन्या इमारतींची दारं-खिडक्या सगळं रंगासकट उजळतं. संध्याकाळी हे बरोबर उलटं होतं. म्हणजे नारोशंकराचा कोरीव दगड टिपायचा असेल तर दुपार टळल्यावर या, मावळतीचं ऊन नदीकडच्या बाजूने त्यावर येतं.

पहिल्या फेरीत एवढंच करा. अठरा फोटो या काठावरून, अठरा त्या काठावरून. घरी जाऊन दोन्ही शेजारी लावा. पुस्तकातली दहा पानं वाचून कळणार नाही ते त्यात कळेल.

साडेनऊ-दहानंतर ऊन डोक्यावर येतं. डोळ्यांखाली, नाकाखाली काळ्या सावल्या पडतात, आकाश पांढरं होतं. तेव्हा घाट सोडून गल्लीत शिरा. भांडी बाजार, सराफ बाजार, तांबट लेन या भागात घरं इतकी जवळजवळ आहेत की ऊन थेट खाली पोचतच नाही, समोरच्या भिंतीवर आपटून मऊ होऊन येतं. दुकानाच्या उंबरठ्यापासून दोन हात आत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असा उजेड पडतो की बाकी काही करावंच लागत नाही. भर दुपारी मी तर पितळी भांड्यांच्या दुकानांपुढूनच फिरते. एका घागरीच्या पोटात अख्खी गल्ली वाकडी होऊन दिसते.

घराबाहेर पडायला जमत नसेल तर हा सराव घरी करा. द्राक्षांचा हंगाम असेल तर एक घड आणा, धुऊ नका. खिडकीपाशी टेबलावर ठेवा आणि खिडकी तुमच्या पाठीशी येईल असे बसा. घड सपाट हिरवा दिसेल. आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जा, म्हणजे खिडकी घडाच्या मागे येईल. मणी आतून पेटल्यासारखे होतील, त्यांच्यातल्या बारीक शिरा दिसतील, देठाजवळचा मणी थोडा पिवळसर आहे तेही दिसेल. मग खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असे बसा. आता मण्यांवरची पांढुरकी भुकटी दिसायला लागेल, आणि जिथे तोडणाऱ्याचं बोट लागलं असेल तिथे ती पुसली गेलेलीही दिसेल. घड तोच, खिडकी तीच. तुम्ही फक्त खुर्ची हलवलीत.

चौथी पायरी: कॅमेऱ्याचं गणित, लागेल तेवढंच

ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक किती उघडं आहे ते. आकडा लहान तर भोक मोठं, मागचं धूसर होतं. आकडा मोठा तर भोक लहान, पुढचं-मागचं सगळं स्पष्ट राहतं. शटर स्पीड म्हणजे उजेड किती वेळ आत येतो ते. आयएसओ वाढवला की कमी उजेडात काम भागतं, पण फोटोत रवा येतो. सुरुवातीला कॅमेऱ्याची चकती 'ए' किंवा 'एव्ही'वर ठेवा, म्हणजे ॲपर्चर तुम्ही ठरवाल आणि शटर कॅमेरा बघेल. ॲपर्चर एफ ८ ठेवा, आयएसओ ऑटोवर टाका आणि चालायला लागा. माणसांचे फोटो काढताना ॲपर्चर लेन्स देईल तेवढं मोठं उघडा. महिनाभर याहून जास्त लागत नाही.

शटरचा खेळ शिकायचा असेल तर गंगापूर रस्त्याने सोमेश्वरच्या धबधब्यावर जा. शटर १/१००० सेकंदावर ठेवलं की पाण्याचा थेंब न् थेंब हवेत थांबतो. उजेड कमी असताना कॅमेरा कठड्यावर किंवा पिशवीवर टेकवून १/४ वर काढलं तर तेच पाणी दुधाच्या सायीसारखं दिसतं. पावसाळ्यात मात्र खडकावर उतरू नका, शेवाळ असतं आणि पाणी एकाएकी वाढतं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच शिकून घ्या, कारण तिच्यामुळे नव्या माणसाचे चांगले फोटो वाया जातात. उजेड मोजताना कॅमेरा असं धरून चालतो की समोरचं सगळं मिळून साधारण मधल्या करड्या रंगाचं आहे. आता काळारामाच्या देवळापुढे उभे राहा. सरदार रंगराव ओढेकरांनी पेशवाईत बांधलेलं हे देऊळ काळ्या दगडाचं आहे. चौकट दगडाने भरली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो फोटो उजळून टाकतो. काळाराम राखाडी होतो. अशा वेळी प्लस-मायनसचं बटण मायनसकडे, साधारण उणे एकवर न्या. फोनवर दगडाला बोट लावा, सूर्याचं चिन्ह येईल, ते खाली सरकवा. दगडाचा काळेपणा परत येतो आणि त्यावरच्या छिन्नीच्या खुणाही.

धुक्यात याच्या उलट. निफाडकडे हिवाळ्यात पहाटे धुकं उतरलं की सगळी चौकट पांढरी असते, कॅमेरा ती मळकी करतो. तिथे अधिक एककडे न्यायचं. काळं असेल तर उणे, पांढरं असेल तर अधिक. हे एकदा हाताला बसलं की आयुष्यभर पुरतं.

देवळात गाभाऱ्यात फोटो काढायला मनाई असेल तर कॅमेरा पिशवीत ठेवा. बाहेरचं आवार, ओवऱ्या, महाद्वार यात छत्तीस फोटो सहज संपतात.

पाचवी पायरी: एकाच जागी पुन्हा पुन्हा जा

दादासाहेब फाळके १८७० साली आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १९४४ साली नाशकातच गेले. सिनेमाच्या आधी ते फोटोग्राफर होते, गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. 'राजा हरिश्चंद्र' करण्याआधी, १९१२ साली, त्यांनी एक छोटी फिल्म केली: 'अंकुराची वाढ'. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपापुढे कॅमेरा ठेवून ते महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत राहिले, आणि बी रुजून वर येताना लोकांना दिसलं. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. तिथे गेले की मला त्यांच्या मोठ्या सिनेमांच्या आधी ती कुंडीच आठवते. एका रोपापुढे रोज जाऊन बसणारा तो माणूस मला फार जवळचा वाटतो.

तुम्हीही एक जागा निवडा. माझी जागा दुतोंड्या मारुती, गोदाघाटावरची मारुतीची मोठी मूर्ती. दर रविवारी, त्याच पायरीवरून, तीच चौकट, एकच फोटो. उन्हाळ्यात मारुतीच्या पायाशी मुलं खेळतात, शेंदूर वाळून तडकतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नदी वर चढते. नाशिककर पूर मारुतीवरून मोजतात: गुडघ्याला लागला, कमरेला लागला, छातीला लागला. माझ्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचे वीस फोटो आहेत आणि ते ओळीने लावले की अख्खा पावसाळा दिसतो. पुराच्या दिवसांत पायरी सोडावी लागते, तेव्हा मी होळकर पुलावरून काढते. घाटावर पाणी चढलेलं असताना फोटोसाठी कुणीही खाली उतरू नये.

तुमची जागा घरापासून पाच मिनिटांवर असली पाहिजे, एवढंच बघा. बाल्कनीतून दिसणारं झाड चालेल, कोपऱ्यावरची चहाची टपरी चालेल. दर वेळी तिथे काहीतरी बदललेलं असतं, आणि ते शोधून काढण्यात मला पोरासारखा आनंद होतो.

सहावी पायरी: माणसांना विचारा

मी बरीच वर्षं माणसांचे फोटो लपूनछपून काढायचे. लांबून, कुणाला कळणार नाही असे. त्यात सगळ्यांच्या पाठी आणि कानच यायचे.

बुधवारी घाटावर बाजार भरतो. एका बुधवारी एक मावशी हिरव्या मिरच्यांचे वाटे लावत होत्या. प्रत्येक वाट्यात देठं एका बाजूला आणि टोकं एका बाजूला. बोटं इतकी भराभर चालत होती की मी उभीच राहिले.

"मावशी, तुमचा फोटो काढू का?"

"माझा कशाला काढती गं बाई? मिरच्यांचा काढ."

मी मिरच्यांचा काढला. मग अर्धा किलो मिरच्या घेतल्या. मग पाच मिनिटं त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले. त्या दिंडोरीकडून पहाटेच्या गाडीने येतात, पाठीला उन्हाचा त्रास होतो म्हणून छत्री उलट्या बाजूला लावतात, हे सगळं कळलं. उठताना त्याच म्हणाल्या, "आता काढ माझा. पदर नीट करू दे." तो फोटो मी काढला. सरळ कॅमेऱ्यात बघणाऱ्या, हातात मिरच्या धरलेल्या मावशी.

तर क्रम असा: आधी बोला, कॅमेरा नंतर. नको म्हणाले तर हसून पुढे चला. लहान मुलांचा काढायचा असेल तर आई-वडिलांना विचारा. फोटो छापून देईन असं सांगितलंत तर छापून नेऊन द्याच.

आणि रामकुंडाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. तिथे रोज लांबलांबून लोक अस्थी घेऊन येतात. मुंडन केलेला मुलगा, पिशवी छातीशी धरलेली बाई, पिंडांपुढे बसलेलं कुटुंब. प्रकाश कितीही सुंदर पडलेला असो, तिथे कॅमेरा खाली घ्या. स्नान करणाऱ्या बायकांचे फोटो तर कधीच काढू नयेत. माझ्या वडिलांच्या अस्थी आम्ही तिथेच सोडल्या. त्या वेळी कुणीतरी अनोळखी माणूस आमच्या दिशेने लेन्स रोखून उभा होता. त्याची ती लेन्स मी अजून विसरलेले नाही. काढायचंच असेल तर तिथलं पाणी आहे, दिवे आहेत, पायऱ्यांवर चिकटलेली झेंडूची फुलं आहेत.

सातवी पायरी: मग गावाबाहेर

दोन-तीन महिने शहरात काढल्यावर लांब जा. आधी गेलात तर नुसते देखावे गोळा होतात.

पांडवलेणीला सकाळी जा. लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला आहेत, त्यामुळे आत कडक ऊन शिरत नाही, समोरच्या मोकळ्या आकाशाचा मऊ उजेड बराच वेळ मिळतो. तिसऱ्या लेण्यात व्हरांड्याचा भार खांद्यावर घेतलेले यक्ष आहेत. त्यांच्यापुढे जमिनीवर बसा, म्हणजे डोक्यावरचं वजन फोटोत जाणवेल. आतल्या अंधाऱ्या दालनात कॅमेरा भिंतीला टेकवून श्वास रोखून काढा. फ्लॅश नको, त्याने कोरीवकाम सपाट होतं.

नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य निफाड तालुक्यात आहे, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ. ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असल्याचं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. हिवाळ्यात पहाटे गेलात तर पाण्यावर हजारो पक्षी असतात. तुमच्याकडे लांबचं जवळ आणणारी मोठी टेलिफोटो लेन्स नसणार आणि तिथे आलेल्यांच्या हातात त्या दिसतील. तिकडे लक्ष देऊ नका. पाणथळ, गवत, धुकं आणि त्यात एक छोटा पांढरा ठिपका असलेला बगळा, हा फोटो तुमच्या फिफ्टीतून उत्तम येतो. पक्ष्यांच्या जवळ जायचा प्रयत्न करू नका. परतताना द्राक्षबागांत शिरावंसं वाटेल, तेव्हा बांधावर थांबून आधी मालकाला हाक मारा. फवारणी चालू असते, शिवाय काढणीच्या दिवसांत त्यांना एकेक घड मोलाचा असतो.

आठवी पायरी: निवडा आणि छापा

घाटावरची ती पहिली फेरी सोडली तर, प्रत्येक फेरीनंतर आठ दिवस फोटो तसेच राहू द्या. लगेच बघितले की जो काढायला कष्ट पडले तोच आवडतो. आठ दिवसांनी तो त्रास विसरलेला असतो आणि फोटो नुसता फोटो म्हणून दिसतो. छत्तीसातले तीन निवडा. तीन नसतील तर एक. बाकीचे ठेवा, पण बाजूला.

मोबाइलवर रंग गडद करणारी फिल्टर लावू नका. फोटो थोडा सरळ करा, कडेला नको असलेलं कापा, उजेड जरा वर-खाली करा, पुरे. तुमचा कॅमेरा रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली, फाइल देत असेल तर पुढे कधीतरी शिका, आता जेपेग ही नेहमीची फाइल चालेल.

आणि छापा. चार बाय सहाचा साधा प्रिंट काढून आणा. स्टुडिओच्या काउंटरवर पाकीट उघडून पहिला प्रिंट हातात घेतला की जे वाटतं ते स्क्रीनवर कधीच वाटत नाही. मागच्या बाजूला पेन्सिलने तारीख, जागा आणि एक ओळ लिहा. त्या वेळी काय ऐकू येत होतं, वास कसला होता, कोण काय म्हणालं. बॉलपेनने दाबून लिहू नका, पुढच्या बाजूला उठतं. माझ्या मिरच्यांच्या प्रिंटमागे 'छत्री उलट्या बाजूला' एवढंच लिहिलेलं आहे.

त्याची दुसरी प्रत घेऊन मी पुढच्या बुधवारी घाटावर गेले. मावशींनी पदराला हात पुसले, फोटो दोन्ही हातांत धरला, आधी लांब आणि मग डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला. शेजारच्या कोथिंबीरवालीला दाखवला. मग तराजूखालच्या पोत्यात नीट सरकवून ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या मागल्या बुधवारच्या मिरच्या. आजचा माल लई चांगला आहे, याचा काढ."

मी खाली बसले आणि कॅमेरा बाहेर काढला.